डेक्स्ट्रानच्या कण्यावर पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे केस: एका ब्रशसदृश विघटनशील पॉलिमरच्या नोंदी

१० जून २०२४

डेक्स्ट्रान या शर्करा-पॉलिमरचा कणा घ्यायचा, त्यावरील हायड्रॉक्सिल गटांपासून एप्सिलॉन-कॅप्रोलॅक्टोनच्या साखळ्या (म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिएस्टरचे ‘केस’) वाढवायच्या आणि कणा व केस हे दोन्ही भाग विघटनशील असलेला संकरित ब्रश तयार करून तपासायचा, असे काम ठरले आहे. सेल्युलोज साध्या द्रावकांत विरघळत नाही. कायटोसानचे अमिनो गट आधी झाकावे लागतात, आणि ते झाकण काढण्यासाठी सहसा लागणारे हायड्राझिन आमच्या प्रयोगशाळेत आणायचे नव्हते. डेक्स्ट्रान मात्र डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये सहज विरघळते आणि ठरावीक रेणुभाराचे विकत मिळते. आम्ही ४०,००० वजनी-सरासरी रेणुभाराचे डेक्स्ट्रान घेतले आहे. ग्लुकोजच्या एका घटकाचा भार १६२ धरला, तर एका साखळीत सरासरी २४७ घटक येतात आणि प्रत्येकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात.

कोल्हापूर भागात डेक्स्ट्रान हे नाव नवीन नाही. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला, की ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू सुक्रोजपासून डेक्स्ट्रान बनवतात, रस चिकट होतो, गाळण मंदावते आणि साखरेचे स्फटिक लांबट येतात. त्यावर उपाय म्हणून वापरले जाणारे डेक्स्ट्रानेज हे डेक्स्ट्रान तोडणारे एन्झाइम इथे सहज मिळते. कण्याच्या विघटनाच्या चाचणीसाठी तेच वापरायचे आहे.

डेक्स्ट्रान थेट कॅप्रोलॅक्टोनमध्ये टाकून चालत नाही, कारण ते या अभिक्रियेच्या द्रावकात, म्हणजे टोल्युइनमध्ये, विरघळत नाही आणि अभिक्रिया फक्त कणांच्या पृष्ठभागावर होते. म्हणून बहुतेक हायड्रॉक्सिल गट ट्रायमिथाइलसिलिल गटाने झाकायचे, उरलेल्या मोकळ्या गटांपासून साखळ्या वाढवायच्या आणि शेवटी झाकण काढायचे, असा तीन टप्प्यांचा परिचित मार्ग धरला आहे. किती गट झाकले यावर केस किती दाट येतील हे ठरते. केस विरळ आले, तर हाती येणारी वस्तू ब्रश नसून कंगवा असेल, आणि हा फरक मोजून दाखवता आला नाही तर पुढच्या चाचण्यांचा अर्थ लावता येणार नाही.

१४ जून

पाच ग्रॅम डेक्स्ट्रान, १०० मिली डायमिथाइल सल्फॉक्साइड, ८ मिली हेक्झामिथाइलडायसिलाझेन (सिलिल गट देणारे रसायन, पुढे नुसते ‘सिलाझेन’), तापमान ५० अंश सेल्सिअस. अमोनियाचा वास लगेच आला, त्यामुळे अभिक्रिया सुरू झाल्याचे कळले. हे काम हवा खेचणाऱ्या कपाटाबाहेर करू नये. सकाळपर्यंत वरचा थर वेगळा झाला नव्हता आणि चंबूत दुधी, चिकट गोळा बसला होता. तो टोल्युइनमध्ये फुगला, पण विरघळला नाही.

एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनादाने रेणूतील गट ओळखून मोजणाऱ्या तपासणीत) प्रत्येक ग्लुकोज घटकामागे १.३ सिलिल गट दिसले. अपेक्षा २.४ ची होती.

१७ जून

कारण डेक्स्ट्रानमधल्या पाण्यात सापडले. बाटलीतील भुकटी कोरडी दिसते, परंतु १०० अंशांवर निर्वातात ठेवल्यावर तिचे वजन सुमारे सहा टक्क्यांनी घटले. पाच ग्रॅममध्ये ०.३ ग्रॅम म्हणजे जवळपास १७ मिलिमोल पाणी होते. ८ मिली सिलाझेन म्हणजे ३८ मिलिमोल. पाण्याचा एक रेणू सिलाझेनचा एक रेणू संपवतो, तेव्हा डेक्स्ट्रानच्या वाट्याला २१ मिलिमोलच उरले. एका रेणूतून दोन सिलिल गट मिळतात, म्हणजे सर्व काही सुरळीत झाले असते तरी प्रत्येक घटकामागे दीडच्या वर जाणे शक्य नव्हते. अभिक्रिया ठीक चालली होती. आमचा हिशेब भुकटीच्या वजनावर बेतलेला होता आणि ते वजन चुकीचे होते.

२१ जून

डेक्स्ट्रान १०० अंशांवर निर्वातात रात्रभर सुकवले, द्रावक आण्विक चाळणीच्या मण्यांवर ठेवून घेतला, सिलाझेन १२ मिली केले आणि अभिक्रिया अर्धी होताच ५० मिली टोल्युइन घातले. टोल्युइन महत्त्वाचे आहे. झाकण वाढत जाते तसतसे डेक्स्ट्रान सल्फॉक्साइडमधून बाहेर पडू लागते, आणि त्याला सामावून घेणारा दुसरा द्रावक नसेल तर ते अर्ध्यावरच गोळा होऊन बसते. या वेळी दोन स्वच्छ थर मिळाले. वरचा थर काढून थंड पाण्याने झटपट धुतला, रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवला आणि निर्वातात सुकवला. सैद्धांतिक १०.४ ग्रॅमपैकी ९.५ ग्रॅम पांढरा पदार्थ हाती आला.

मिथेनॉलमध्ये अवक्षेपित करण्याचा मोह टाळावा, कारण मिथेनॉल सिलिल गट ओढून काढते. एनएमआरच्या बाबतीत एक सूचना: ज्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये संदर्भासाठी टेट्रामिथाइलसिलेन आधीच मिसळलेले असते ते इथे वापरू नये, कारण त्याची शून्यावरची रेघ आणि आपल्या सिलिल गटाची ०.१ च्या आसपासची रेघ एकमेकींत मिसळतात. पहिल्या खेपेला झाकणाचे प्रमाण ३ च्याही वर आले, जे अशक्य आहे, तेव्हा ही बाब लक्षात आली. संदर्भ नसलेल्या द्रावकात तोच नमुना २.४ दाखवतो. याचा अर्थ प्रत्येक ग्लुकोज घटकामागे ०.६ हायड्रॉक्सिल गट मोकळे आहेत.

३ जुलै

पहिले पॉलिमरायझेशन. एक ग्रॅम सिलिल-डेक्स्ट्रान म्हणजे सुमारे १.८ मिलिमोल मोकळे हायड्रॉक्सिल गट. त्यावर १०.३ ग्रॅम कॅप्रोलॅक्टोन म्हणजे ९० मिलिमोल, अर्थात प्रत्येक मोकळ्या गटामागे ५० घटक. उत्प्रेरक स्टॅनस ऑक्टोएट हे कथिलाचे संयुग, द्रावक टोल्युइन, तापमान ११० अंश, नायट्रोजनखाली २४ तास. द्रव घट्ट झाला, चुंबकी ढवळणी थांबली, आणि थंड मिथेनॉलमध्ये ओतताच पांढरे धागे पडले. दिसायला सर्व उत्तम होते.

रेणूंच्या आकारानुसार वर्गवारी करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत मात्र दोन शिखरे आली. मोठे शिखर ब्रशचे आणि त्यामागचे छोटे शिखर मोकळ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे, म्हणजे कण्याला न जोडलेल्या सुट्या साखळ्यांचे.

८ जुलै

कॅप्रोलॅक्टोन कॅल्शियम हायड्राइडवर ठेवून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित केले होते, पण ते जूनमध्ये, आणि त्यानंतर बाटली पावसाळ्याच्या हवेत अनेकदा उघडली गेली. कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजले असता दशलक्ष भागांत ५०० भाग निघाले. हा आकडा किरकोळ वाटतो. १०.३ ग्रॅममध्ये ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२९ मिलिमोल पाणी होते. प्रत्येक रेणू एक सुटी साखळी सुरू करू शकतो आणि डेक्स्ट्रानवर मोकळे गट होते फक्त १.८ मिलिमोल. म्हणजे प्रत्येक सहा जोडलेल्या साखळ्यांमागे जवळपास एक सुटी साखळी निघू शकते, आणि हेही डेक्स्ट्रानवरचा प्रत्येक गट कामाला लागला असे धरून. तसे घडत नाही, म्हणून खरे प्रमाण याहून वाईट असणार.

टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने हेक्झेन घालत अवजड भाग आधी अवक्षेपित केला, तेव्हा छोटे शिखर बरेच कमी झाले, पण नाहीसे झाले नाही. या तुकडीवर पुढील चाचण्या केल्या नाहीत.

२६ जुलै

पंचगंगेला पूर आल्याने रस्ते बंद आहेत आणि नायट्रोजनचा सिलिंडर पोचलेला नाही. पॉलिमरायझेशन शक्य नव्हते, म्हणून जूनमधील सिलिल-डेक्स्ट्रान पुन्हा तपासले. साध्या झाकणाच्या बाटलीत महिनाभर राहिल्यावर सिलिल गट २.४ वरून सुमारे २.१ वर आले आहेत. मोकळे गट ०.६ वरून ०.९ झाले, म्हणजे दीडपट. हाच माल जुन्या हिशेबाने वापरला असता, तर केस आखल्यापेक्षा दाट आणि आखूड आले असते आणि कारण कळले नसते.

यापुढे सिलिल-डेक्स्ट्रान शोषकभांड्यात, पॅराफिल्म लावून, शीतकपाटात राहील आणि प्रत्येक वापराआधी त्याची एनएमआर तपासणी होईल. विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात एका नमुन्याला सुमारे ५०० रुपये पडतात. वाया जाणारा आठवडा त्याहून महाग आहे. या नमुन्यावर पुन्हा थोडे सिलाझेन वापरून तो २.४ वर आणला.

१२ ऑगस्ट

कॅप्रोलॅक्टोन त्याच सकाळी ऊर्ध्वपातित केले आणि सिरिंजने थेट अभिक्रियेच्या चंबूत घेतले. पाणी आता दशलक्ष भागांत ३० भाग आहे. सिलिल-डेक्स्ट्रान कोरड्या टोल्युइनमध्ये विरघळवून त्यातील थोडे टोल्युइन ऊर्ध्वपातनाने काढून टाकले, म्हणजे उरलेले पाणी त्याच्याबरोबर निघून जाते. सर्वांत अधिक फरक याच कृतीने पडला, असे मला वाटते. काचसामान १२० अंशांच्या भट्टीतून गरम असतानाच जोडले.

दोन तुकड्या एकत्र लावल्या. लांब केसांच्या तुकडीत प्रत्येक मोकळ्या गटामागे ५० घटक आणि आखूड केसांच्या तुकडीत ५ घटक. रात्री वीज गेली आणि तेलाचे भांडे काही तास थंड पडले. नायट्रोजन सिलिंडरमधून सुरू असल्याने हवा आत शिरली नाही. सकाळी पुन्हा ११० अंशांवर नेऊन वेळ वाढवून दिली. साखळ्या थांबल्या नव्हत्या, ही या पद्धतीची चांगली बाजू आहे.

रूपांतर लांब तुकडीत ९४ टक्के आणि आखूड तुकडीत ९६ टक्के. क्रोमॅटोग्राफीत दोन्हींना एकेकच शिखर, लांब तुकडीत मात्र मागच्या बाजूला किंचित शेपूट आहे.

२ सप्टेंबर

झाकण काढणे हा सोपा टप्पा समजला जातो. टेट्राहायड्रोफ्युरानमधील द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे जास्त प्रमाणात घालायचे आणि खोलीच्या तापमानाला ढवळायचे. पहिला भाग रात्रभर तसाच ठेवला आणि क्रोमॅटोग्राफीतील शिखर लहान रेणूंच्या बाजूला सरकले, म्हणजे आम्लाने सिलिल गटांबरोबर केसांतील पॉलिएस्टरचे बंधही तोडले. पुढच्या भागातून दर अर्ध्या तासाने थेंब घेऊन इन्फ्रारेड पाहिले. १२५० आणि ८४० या ठिकाणचे सिलिकॉन-कार्बनचे पट्टे दोन तासांत नाहीसे झाले आणि कार्बोनिलचा १७२५ च्या आसपासचा पट्टा जसाच्या तसा राहिला. तेव्हाच सोडियम बायकार्बोनेटने आम्ल मारून पदार्थ अवक्षेपित केला. लांब तुकडीसाठी मिथेनॉल आणि आखूड तुकडीसाठी डायइथाइल ईथर वापरला.

झाकण काढलेली आखूड तुकडी क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाही, कारण साखरेचे हायड्रॉक्सिल गट आता मोकळे आहेत. तिचा एनएमआर ड्युटेरेटेड डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये घ्यावा लागला. या प्रकल्पात रसायनांपेक्षा ड्युटेरेटेड द्रावकांवर आणि चाचण्यांच्या शुल्कावर अधिक पैसे गेले आहेत.

२० सप्टेंबर

ब्रश की कंगवा, या प्रश्नाचे उत्तर आज काही अंशी मिळाले. एका कण्यावर किती केस आहेत हे कळण्यासाठी केसांची टोके मोजावी लागतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या टोकावरील हायड्रॉक्सिलशेजारच्या मिथिलीन गटाची रेघ ३.६५ ला येते, आणि नेमकी तिथेच डेक्स्ट्रानच्या शर्करेची गर्दी असते. केस कापून वेगळे मोजावेत, तर कणा तोडणारे आम्ल केसही तोडते.

उपाय असा केला, की झाकण काढण्याआधीच्या नमुन्यात एनएमआर नळीतच ट्रायक्लोरोअसिटाइल आयसोसायनेटचे काही थेंब घातले. ते टोकांच्या हायड्रॉक्सिलवर काही क्षणांत चढते आणि टोकाची रेघ गर्दीतून निघून ४.३ ला जाते. साखळीतील इतर घटकांची रेघ ४.०६ ला असते, तेव्हा दोन्ही वेगळ्या मोजता येतात. आखूड तुकडीत हे प्रमाण सातास एक आले, म्हणजे टोकासह एका केसात सरासरी आठ घटक. प्रत्येक मोकळा गट कामाला लागला असता तर केस ४.८ घटकांचा असायला हवा होता. यावरून मोकळ्या गटांपैकी सुमारे ६० टक्केच गटांनी केस सुरू केले असे दिसते.

०.६ चे ६० टक्के म्हणजे ०.३६. दर पावणेतीन ग्लुकोज घटकांमागे एक केस आणि एका सरासरी कण्यावर जवळपास ९० केस. याला विरळ ब्रश म्हणता येईल. दाट बाटली-ब्रशसाठी लागणारी गर्दी इथे नाही आणि तसा दावा आम्ही करणार नाही. सुट्या साखळ्यांची टोकेही याच मोजणीत मिसळतात, त्यामुळे ६० टक्के ही वरची मर्यादा समजावी. कोरडेपणावर एवढा भर देण्याचे कारण हेच आहे.

लांब तुकडीत ही पद्धत दुबळी पडते. ७५-८० घटकांमागे एक टोक शोधायचे म्हणजे पूर्ण रेघेच्या दीड टक्क्याहूनही लहान रेघ मोजायची, आणि पायारेषेचे थोडेसे हेलकावे आकडा बदलून टाकतात. तिथे आखूड तुकडीचे ६० टक्के गृहीत धरून केस ७८ घटकांचा, म्हणजे सुमारे ८,९०० भाराचा मानला आहे. तसे असेल तर संपूर्ण ब्रशचा भार आठ लाखांच्या घरात जातो. पॉलिस्टायरीनच्या मापाने केलेली क्रोमॅटोग्राफी मात्र १.६ लाखच दाखवते. दोन्हींत विरोध नाही, कारण गच्च फांद्यांचा रेणू त्याच भाराच्या सरळ साखळीपेक्षा बराच लहान जागेत मावतो आणि हे उपकरण भार मोजत नाही, आकार मोजते. ब्रशचा रेणुभार म्हणून हा आकडा कोणी जसाच्या तसा लिहू नये. प्रकाश-विकिरणाने खरा भार मोजण्यासाठी नमुना बाहेर पाठवला आहे.

७ ऑक्टोबर

औष्णिक तपासणी झाली. सरळ पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांच्या आसपास वितळते. लांब तुकडी ५६ अंशांना वितळली आणि वितळण्याची ऊष्मा दर ग्रॅमला ६१ जूल आली. तिच्यात पॉलिएस्टर ९५ टक्के आहे, ते धरून आणि पूर्ण स्फटिकासाठी १३९.५ हा प्रचलित आकडा घेऊन स्फटिकता ४६ टक्के निघते. आखूड तुकडीत पहिल्या तापवणीत ३६ अंशांपाशी पसरट उंचवटा आला, दुसऱ्या तापवणीत तोही आला नाही. आठ घटकांचा केस एका टोकाने बांधलेला असताना त्याला स्फटिकात बसायला फारसा वाव नसतो.

आखूड तुकडीत डेक्स्ट्रान वजनाने ३३ टक्के आहे, तेव्हा ती पाण्यात सूक्ष्मकण बनवील अशी अपेक्षा होती. असिटोनमधून पाण्यात एकदम सोडल्यावर लोंबते तुकडे तरंगू लागले. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून, ढवळत असताना अगदी सावकाश पाणी घालून, मग पारपटलाच्या नळीत पाणी बदलत ठेवल्यावर निळसर, पारभासक द्रव मिळाला आणि कणांचा व्यास सुमारे १२० नॅनोमीटर आला. लांब तुकडी पाण्यात कशानेही पसरली नाही. तिच्यात साखर पाच टक्क्यांहून कमी आहे, त्यामुळे ते अनपेक्षित नव्हते.

१८ ऑक्टोबर

विघटनाच्या चाचण्या सुरू. लांब तुकडीच्या फिती क्लोरोफॉर्ममधून काचेवर ओतून केल्या. त्या ७.४ सामूच्या फॉस्फेट द्रावणात, ३७ अंशांवर आहेत आणि बुरशी येऊ नये म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घातले आहे. अझाइड आम्लात मिसळू देऊ नये आणि ते धातूच्या नळांतून ओतून देऊ नये. एका संचात नुसते द्रावण, दुसऱ्यात स्युडोमोनास जीवाणूचे लायपेज (पॉलिएस्टरचे बंध तोडणारे एन्झाइम), तिसऱ्यात डेक्स्ट्रानेज. डेक्स्ट्रानेजला किंचित आम्लधर्मी माध्यम मानवते, म्हणून तिसऱ्या संचाचे द्रावण ५.५ सामूचे आहे आणि त्याच सामूचा, एन्झाइम नसलेला तुलना-नमुना वेगळा ठेवला आहे.

२५ ऑक्टोबर

लायपेजच्या संचात सुरुवातीला वजन वेगाने घटले आणि मग वक्र सपाट झाला. फिती शिल्लक असताना तो सपाट होण्याचे कारण नव्हते. द्रावणाचा सामू ६.८ वर आला होता, कारण तुटलेल्या साखळ्यांतून हायड्रॉक्सिकॅप्रोइक आम्ल बाहेर पडते आणि आमचे पातळ फॉस्फेट ते झेलू शकत नव्हते. शिवाय लायपेजची शक्तीही दिवसागणिक कमी होते. फॉस्फेट दुप्पट तीव्र केले आणि द्रावण रोज बदलायचे ठरवले, तशी घट पुन्हा सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत बदल होऊ शकणार नाहीत, म्हणून आलेखात २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर ही जागा मोकळी ठेवायची आहे. तिथे रेघ जोडून दाखवणे योग्य ठरणार नाही.

२० नोव्हेंबर

नुसत्या द्रावणातील फितींचे वजन महिन्याभरात एक टक्काही घटले नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोनला पाण्यात पूर्ण विरघळून जायला दोन वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा ‘विघटनशील’ या शब्दाआधी कशात आणि किती काळात हे लिहायला हवे. लायपेजमधील फिती मात्र भोके पडून ठिसूळ झाल्या आणि उचलताना तुटू लागल्या, त्यामुळे अखेरची वजने विश्वासार्ह नाहीत. पुढच्या वेळी फिती जाळीच्या पिशवीत ठेवू.

डेक्स्ट्रानेजने फितींवर काहीच केले नाही. पाण्यात पसरलेल्या आखूड तुकडीवरही, डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या चाचणीत (शर्करेची साखळी तुटली की तिच्यात रंग येतो), ५४० नॅनोमीटरला तुलना-नमुन्याहून वेगळा रंग आला नाही, आणि शेजारच्या नळीतील साधे डेक्स्ट्रान मात्र तासाभरात तुटले होते. एन्झाइम जिवंत आहे, पण केसांमुळे त्याला कण्यापर्यंत पोचता येत नाही, असा अर्थ आम्ही लावतो. सिलिल गट उरले असते तरी असेच घडले असते, म्हणून इन्फ्रारेड पुन्हा घेतले. ८४० चा पट्टा नाही.

२ डिसेंबर

आखूड तुकडी आधी लायपेजमध्ये ठेवली, लायपेज उष्णतेने निष्क्रिय केले, सामू ५.५ वर आणला आणि मग डेक्स्ट्रानेज घातले. या वेळी रंग आला. साध्या डेक्स्ट्रानच्या मानाने तो फिका आहे, पण फक्त लायपेज दिलेल्या नमुन्याहून स्पष्टपणे गडद आहे. म्हणजे आधी केस जातात, मग कणा. कथिलाचा अवशेष किती उरला हे अजून मोजलेले नाही आणि ते मोजल्याशिवाय हा पदार्थ पेशींच्या चाचणीला देणार नाही. प्रकाश-विकिरणाचा अहवाल यायचा आहे. तो आल्यावर ९० केसांचा हिशेब टिकतो की नाही ते इथेच नोंदवू.